रिले उपटला, तरी पंखा फिरतोच आहे!

गाडीच्या रेडिएटरचा पंखा लागत नव्हता, त्या दुरुस्तीचे 9,500 रुपये. त्यातले 7,000 यूपीआयने (खातं भलत्याच नावाचं, तेही तेव्हा खटकलं नाही) आणि 2,500 रोख. हातात आला तो वहीतून फाडलेला कागद: ओरिजिनल फॅन मोटर 5,200, रिले-वायरिंग किट (रिले म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 1,650, कूलंट 900, मजुरी 2,100. एकूण 9,850, त्यातून जुन्या पंख्याचे 350 वजा. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही, वॉरंटी तोंडी. महामार्गालगतच्या या गॅरेजचं नाव इथं लिहीत नाही, पण असली गॅरेजं गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत सापडतील.

मूळ बिघाड काय होता? रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवलेला दोन पिनांचा फॅन स्विच गेला होता. बस्स. असा स्विच साधारण 92 ते 95 अंशांना जुळतो आणि 87च्या आसपास सुटतो. तो मेला की पंखा लागत नाही, आणि पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत तापमानाचा काटा चढतो. तपासायला दोन मिनिटं लागतात. स्विचचा सॉकेट काढायचा, इग्निशन चालू ठेवून सॉकेटच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. पंखा फिरला तर मोटर, रिले, फ्यूज सगळं धड, स्विच तेवढा बदला. (ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरवर, चालणाऱ्या नव्या गाड्यांत हे करू नका, तिथं स्विच नसून सेन्सर असतो.) आम्हाला मात्र सांगितलं, "मोटर जळली, पात्रांव (मालक)." दाखवा म्हटल्यावर वास घ्यायला लावला. कूलंट सांडलेल्या मोटरला कसला वास येणार?

आता ज्या क्षणी कळायला हवं होतं तो क्षण. किल्ली फिरवली, इंजिन गार, काटा तळाशी, आणि पंखा लगेच भणाणत सुरू. एसीसुद्धा बंद होता. गार इंजिनावर पंखा लागतोच कसा? रिले आतून जुळला की 'टक्' असा आवाज येतो, तोही आला नाही. वर ऐकवलं काय, "आता गाडी तापली तर माझं नाव बदला." रिलेचे पिन झोपेत सांगता येतात अशा माणसाने हे ऐकून मान डोलावली! शुक्रवार होता, म्हापशाच्या बाजाराची गर्दी, वरून पाऊस, बॉनेट त्याने आधीच आपटून बंद केलेलं. कारणं आहेत. पण कान माझेच होते.

घरी बॉनेट उघडलं. नवाकोरा काळा रिले ब्रॅकेटवर झळकत होता. तो उपटून हातात घेतला, पंखा फिरतोच! होल्डर उलटा केला तर 30 आणि 87 (रिलेने जोडायचे दोन पिन) यांच्या वायरी मागच्या बाजूने एकमेकींना पिळून वर टेप. 85, 86 (रिले चालवणाऱ्या कॉइलचे पिन) रिकामे. म्हणजे रिले नुसता शोभेचा, पंख्याची वायर थेट इग्निशनच्या लायनीवर. किल्लीच्या स्विचचे पॉइंट असला करंट सोसायला बनवलेलेच नसतात. फ्यूजबॉक्समध्ये 10 अँपिअरच्या घरात 30चा फ्यूज खुपसलेला, भोवतालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागलेलं. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो वाढवला की जळायची पाळी वायरची.

वायरवर '4 स्क्वेअर' (4 चौरस मिलिमीटर जाडी) छापलेलं. सोलली तर जाड सालीच्या आत जेमतेम 1 स्क्वेअरचे तंतू. ब्लेडने खरवडलं, आत पांढरं: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. टोक ब्लेडने खरवडून बघा, आतपर्यंत लाल दिसलं तरच पैसे द्या. मीटर लावला. गाडी चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट, पंख्याच्या प्लगवर 11.6. पंख्याची काळी (अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्गे मायनसला जाणारी) वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्यात 0.7 (0.2च्या आत हवा), कारण अर्थ रंगावरच बोल्टने आवळलेला. उरलेले 1.5 प्लसच्या वायरीत आणि स्विचमध्ये. लहान गाडीचा धड पंखा 8 ते 12 अँपिअर ओढतो, हा 'ओरिजिनल' 19. म्हणजे जवळपास 42 वॅट उष्णता वायरी तापवण्यात. मोटरच्या कडेला काळ्या स्प्रेखाली जुना गंज.

आणि एवढं करून पंखा उलटा! दोन वायरी अदलाबदल केल्या की ही मोटर उलटी फिरते. रेडिएटरच्या मागच्या पंख्याने हवा समोरून आत ओढायला हवी. वर्तमानपत्राचा चतकोर ग्रिलसमोर धरा, चिकटला तर बरोबर. आमचा उडून अंगणात. हमरस्त्यावर समोरच्या वाऱ्यावर निभावतं, पण रांगेत किंवा अनमोड घाटात ट्रकमागे चढताना हेड गॅस्केटच (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) गेलं असतं.

नीट जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, लहान पंख्याला 20 अँपिअरचा. तिथून शुद्ध तांब्याची, निदान 2.5 स्क्वेअर वायर रिलेच्या 30 ला. 87 वरून पंख्याचा प्लस. 86 ला इग्निशनचा प्लस, 85 वरून फॅन स्विचमार्गे अर्थ. रिलेची कॉइल 0.2 अँपिअरच्या आतच खाते, म्हणून तिथं बारीक वायर चालते आणि किल्लीवर ताण येत नाही. पाच पिनांचा रिले असेल तर 87ए ला (रिले बंद असताना 30 शी जुळलेला पिन) हात लावू नका. पंखा तिथं जोडला तर गार इंजिनावर फिरेल आणि तापल्यावर नेमका थांबेल. अर्थ रंग खरवडून, वायरीच्या टोकाला लग (बोल्टात बसणारी कडी) क्रिंप करून, म्हणजे दाबून. रिलेचे पिन खाली तोंड करून बसवा, आपल्याकडचा पाऊस आणि खारा वारा महिन्याभरात पितळ हिरवं करतो. या दुरुस्तीचा खर्च: स्विच 480, रिले-होल्डर 260, फ्यूज-होल्डर 150, वायर 240. एकूण 1,130.

तक्रार? चौकीवर ऐकवलं, हे सिव्हिल मॅटर. मी म्हटलं, 4 स्क्वेअर लिहून 1 देणं, भंगाराला रंग मारून नवं म्हणून विकणं, यात सिव्हिल काय आहे? तर, "सामान बसवलंय ना? गाडी चालते ना?" एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पक्कं बिल मागितलं. बिल देत नाही हीच तर तक्रार! तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांना रिले दाखवला, त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हा तर नवाच दिसतोय." हसावं की कपाळ बडवावं? चार हेलपाटे, पेट्रोल आणि झेरॉक्स मिळून 640 रुपये, मिळाला एक आवक क्रमांक. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत 2 वर्षांची, हे त्यातल्या एकानेही सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं. यूपीआयची नोंद, कागदाचा फोटो, वायरी सोडवण्याआधीचा व्हिडिओ जपून ठेवा. मी व्हिडिओ वायरी सोडवल्यावर काढला, तीही अक्कल उशिराच आली.

पैसे देण्याआधी, इंजिन गार आणि एसी बंद असताना, मेकॅनिकसमोर किल्ली फिरवा, पंखा लागता कामा नये. मग गाडी तापू द्या, 'टक्' ऐका, पंखा लागला की रिले उपटा. पंखा थांबलाच पाहिजे.

आणि जुना भाग पिशवीत घालून घरी न्या, वजावटीला भुलू नका. माझी धडधाकट मोटर 350 रुपयांत गेली. एव्हाना काळा स्प्रे खाऊन कुणाच्या तरी गाडीत 5,200 ला बसलीही असेल.