लेसरवाल्यांनो, ‘हाताने काढलेलं व्हेक्टर’ विकत घेताना जपा

फोटोवरून व्हेक्टर, म्हणजे मशीनला चालता येईल अशी रेघांची फाईल, करून देतो म्हणणारा एक जण सध्या आपल्याकडच्या ट्रॉफी आणि नेमप्लेटवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांमध्ये फिरतो आहे. माझे २,४०० रुपये त्याने खाल्ले. पैसे गेले ते गेले, पण त्याची पद्धत सांगून ठेवतो, कारण माहीत असली तर ती मिनिटभरात पकडता येते.

माझं दुकान दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात. लाकूड-अॅक्रिलिक कापणारं, कोरणारं सीओटू लेसर मशीन आहे. दारावरच्या पाट्यांपासून शाळेच्या सन्मानचिन्हांपर्यंत सगळं करतो. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. शेजारच्या ग्रामपंचायतीला स्वच्छतेच्या बक्षिसांसाठी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) सन्मानचिन्हं हवी होती: बाबांची आकृती कडेने कापलेली, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात गाडगं, खाली मजकूर. नुसतं कोरायचं असतं तर फोटोवरही भागलं असतं, मशीन तो ठिपक्या-ठिपक्यांनी जाळत जाते. कापायचं म्हटलं की लेसरला चालायला रेघ लागते, आणि फोटोत रेघ नसते, असतात ते पिक्सेल. त्यात हा फोटो दहा जणांच्या मोबाइलमधून फॉरवर्ड होत आलेला, पार चोथा झालेला.

‘शंभर टक्के हाताने, पेन टूलने’, म्हणजे एकेक बिंदू ठेवत रेघ काढून, असं म्हणून त्याने २,४०० सांगितले. निम्मे आधी, निम्मे प्रीव्ह्यू पाहून. प्रीव्ह्यू झकास होता. झूम करून पाहिला, कडा कुठे फुटत नव्हत्या. पुढचे १,२०० पाठवले आणि एसव्हीजी फाईल आली, व्हेक्टर ठेवतात त्या प्रकारची.

ती इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून डिस्प्ले मोड आउटलाइनवर (यात नुसत्या रेघा दिसतात) केला, तर बाबांच्या आकृतीच्या जागी एक चौकट. रेघ एकही नाही. मग फाईल नोटपॅडमध्ये उघडली. एसव्हीजी म्हणजे शेवटी साधा मजकूर असतो. खरं व्हेक्टर असेल तर त्यात ‘पाथ’ आणि त्यापुढे आकड्यांच्या जोड्या दिसतात. इथे होतं ‘इमेज’, मग ‘बेस६४’, आणि त्याखाली पानंच्या पानं अर्थहीन अक्षरं. म्हणजे फोटो जसाच्या तसा आत कोंबलेला. तोही आधी एआयने मोठा केलेला, म्हणूनच झूम करूनही कडा फुटत नव्हत्या. तेव्हा झूमच्या परीक्षेवर विसंबू नका. पीडीएफ, ईपीएस, सीडीआर कशातही फोटो असा बसवता येतो. फाईलच्या नावाच्या शेवटी एसव्हीजी लिहिलंय यावरून काहीच ठरत नाही.

फोन केला तर म्हणे, “दादा, फाईल ओके आहे, तुमच्या मशीनचाच प्रॉब्लेम असन.” जरा आवाज चढवल्यावर दुसरी फाईल आली. यात रेघा होत्या, पण सॉफ्टवेअरने एका क्लिकवर काढलेल्या, म्हणजे ऑटो ट्रेस. दाढीतच हजारो नोड (रेघेवरचे बिंदू), त्यामुळे मशीनचं हेड जागच्या जागी थरथरत राहिलं. खराट्याच्या प्रत्येक काडीला दोन रेघा, कारण नेहमीचा ऑटो ट्रेस काडीची मधली रेघ काढत नाही, दोन्ही कडा काढतो.

सगळ्यात वाईट हाल मजकुराचे. ट्रेस करताना बारीक डाग गाळायची एक सेटिंग असते. ती वाढवली की कचऱ्यासोबत आपले अनुस्वारही जातात. नमुन्याचा तुकडा पाहून सरपंचताई म्हणाल्या, “काय केलं दादा हे? ‘संत’चा ‘सत’ झाला नं! अन् पंचायतीची ‘पचायत’!”

ऑटो ट्रेस वाईट नाही. स्वच्छ काळ्या-पांढऱ्या लोगोला मीही तोच वापरतो, फुकटात होतो. चोरी आहे ती हाताच्या कामाचे पैसे घेऊन क्लिक विकण्यात. तिसऱ्या वेळी ‘फायनल मॅन्युअल’साठी तो वर ८०० मागायला लागला. नाही म्हटल्यावर ब्लॉक.

काम शेवटी आमच्या गावच्या जुन्या पेंटरकाकांनी वाचवलं. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने आकृती काढली, दाढीचे कोणते केस ठेवायचे नि कोणते सोडायचे ते त्यांच्या नजरेने ठरवलं. ती ६०० डीपीआयला स्कॅन केली आणि तोच फुकटचा ट्रेस सुरेख चालला. मजकूर ट्रेस केलाच नाही. युनिकोड फॉन्टमध्ये नव्याने टाइप करून पाथमध्ये बदलला, अनुस्वार जागच्या जागी.

बाहेरून काम करून घ्यायचंच असेल तर उरलेले पैसे देण्याआधी समोरच्याला आउटलाइन मोडमध्ये स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, नोड टूलने आकृती निवडून खाली दिसणाऱ्या नोडच्या आकड्यासकट. ज्याने खरंच हाताने केलंय त्याला हे दाखवायला काही त्रास नसतो. हा गडी माझ्याशी प्रत्येक वेळी स्क्रीनशॉटवरच बोलला. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅट हाताशी ठेवा. मी तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

परवा अकोल्याच्या एका मित्राने नव्या नंबरवरची जाहिरात पाठवली. नाव वेगळं, दर तोच, नमुनाही तोच: घोड्यावरचे शिवराय, आणि घोड्याच्या मागच्या खुराची रेघ उघडी राहिलेली. हा नमुना तुमच्याकडे आला तर उत्तरसुद्धा देऊ नका.