शेतकरी दाखला मागणारा ‘एनए प्लॉट’

पुण्याच्या हद्दीबाहेर, पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) क्षेत्रातल्या एका गावात 2022 मध्ये ‘एनए’, म्हणजे बिगरशेती, समजून प्लॉट घेतलेल्या पस्तीस कुटुंबांच्या वतीने हे लिहितोय. गावाचं नाव देत नाही, एजंटचंही नाही; वकिलांनी तसं सांगितलंय. आकडे मात्र सगळे देतो.

दोन गुंठ्यांचा प्लॉट, भाव 4,25,000 रुपये गुंठा, म्हणजे 8,50,000. मुद्रांक आणि नोंदणी मिळून 59,500. रस्ता, पोल आणि कंपाउंडचे 60,000 रोख. ‘एनए चार्ज’ म्हणून 35,000, तेही रोख, आणि त्याची पावती साध्या कागदावर ‘मेंटेनन्स’ नावाने. एका कुटुंबाचे 10,04,500 रुपये गेले. पस्तीस प्लॉटचे मिळून एजंटने 2,97,50,000 उचलले, वरची रोख वेगळी.

एजंटने दाखवलेला नकाशा खोटा नव्हता, म्हणूनच लोक फसले. पीएमआरडीएने 2021 मध्ये प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली होती आणि तिच्यात तो गट खरोखर पिवळ्या रंगात, निवासी विभागात होता. फक्त ‘प्रारूप’ हा शब्द प्रिंटमधून कापला होता. एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम 26 खाली प्रसिद्ध होतो तो मसुदा. त्यावर हरकती, सुनावण्या होतात आणि कलम 31 खाली शासन मंजुरी देतं, तेव्हाच तो डीपी, म्हणजे विकास योजना. या मसुद्यावर साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2025 मध्ये शासनाने अख्खी योजनाच रद्द केली. मग उरली 1997 ची प्रादेशिक योजना. तिच्यात आमचा गट हिरवा, शेती विभाग. तिथे ले-आउट मंजूर होत नाही. फार्महाऊस म्हणाल तर त्याला किमान 0.4 हेक्टर लागतं, म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे. आमच्या पाच जणांच्या एका दस्तात अकरा.

आता ज्या गोष्टीने आजही डोकं फिरतं ती सांगतो. दस्ताच्या आदल्या आठवड्यात एजंटने प्रत्येकाकडे शेतकरी असल्याचा पुरावा मागितला. वडिलांच्या, आजोबांच्या, कोणाच्याही नावचा सातबारा चालेल म्हणाला. गावाकडचा उतारा बहुतेकांच्या घरात असतोच, दिला काढून. अरे, जमीन एनए असेल तर शेतकरी दाखला कशाला लागतो? तो लागतो शेतजमीन घ्यायला, कुळकायद्याच्या कलम 63 मुळे. एनए प्लॉट मुंबईत जन्मलेला, सातबारा कधी न पाहिलेला माणूसही घेऊ शकतो. त्या एका मागणीतच सगळं उघडं पडलं होतं. पण त्या दिवशी ऑफिसात बँकेतून निवृत्त झालेले दोघे होते, एक इंजिनिअर होता, दस्त लिहिणारा पंचवीस वर्षांचा मुरलेला माणूस होता. कोणी ब्र काढला नाही. मग आम्हालाच तेवढं मूर्ख म्हणू नका.

दुसरी खूण दस्तातच होती. तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे ठरावीक आकाराहून लहान तुकडे विकायला बंदी) दोन गुंठे स्वतंत्र नोंदवता येत नव्हते, म्हणून पाच जणांच्या नावे अकरा गुंठ्यांचा एकच दस्त. दहा गुंठे पाच जणांचे आणि एक रस्त्यातला हिस्सा. सातबाऱ्यावर पाचही नावं सामाईक. तुमचा प्लॉट नंबर फक्त एजंटच्या रंगीत कागदावर. सरकारी मोजणीच्या नकाशावर, म्हणजे क प्रतीवर, त्याचा पत्ता नाही. पाचांतला एक अडला की बाकी चौघांना ना विकता येत, ना कर्ज मिळत. आणि तुकडेबंदी शिथिल झाली तरी झोन बदलत नाही, हे तिथे कोणी विचारलं तर एजंट विषय बदलतो.

‘गुंठेवारीत नियमित करून देऊ’ हेही ऐकाल. गुंठेवारी म्हणजे विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याचा कायदा. त्या कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला तो दरवाजा बंद. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही फक्त कराची नोंद आहे. त्यावर वीज मीटर मिळतं, बांधकाम परवानगी नाही. पीएमआरडीए क्षेत्रात ग्रामपंचायतीची एनओसी बांधकामाला चालत नाही.

ले-आउटच्या कागदावर नुसती नजर टाका. अंतर्गत रस्ता वीस फुटी दिसला तर तो मंजूर ले-आउट नाही. युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, निवासी ले-आउटचा रस्ता किमान नऊ मीटर लागतो. चाळीस गुंठ्यांवरच्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आमच्या कागदावर मोकळी जागा शून्य, देवळाचं चित्र मात्र होतं.

तक्रारीचं काय? तलाठी म्हणतात फेरफार (सातबाऱ्यावरची नावनोंद) नियमाने झाला, तहसीलला जा. तहसीलमध्ये म्हणतात झोनचा विषय आमचा नाही. दुय्यम निबंधकांचं ठरलेलं उत्तर: आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. हे कायद्याने खरंच आहे आणि म्हणूनच जास्त चीड येते. सरकार मुद्रांक पूर्ण घेतं, आणि जबाबदारी? पोलिस ठाण्यात अर्ज स्वीकारला आणि दोन ओळींत उत्तर दिलं, ‘बाब दिवाणी स्वरूपाची’. पस्तीस कुटुंबांना एकाच नकाशावर, एकाच खोट्याने लुटलं, तरी दिवाणी. मोबाइल चोरीला गेला असता तर निदान पंचनामा झाला असता. महारेरात (बांधकाम प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) 5,000 रुपये भरून तक्रार केली, तर समोरचा वकील म्हणतो हा प्रकल्पच नाही, शेतकऱ्याने पाच-पाच जणांना शेतजमीन विकली. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठाहून जास्त असतील तर प्रकल्पाची महारेरात नोंदणी लागते, म्हणूनच ही पाचांची टोळी पाडली होती. विकणारा कागदोपत्री शेतकरी. एजंटची सही दस्तावर साक्षीदार म्हणून.

झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते त्याचा) एजंटकडून घेऊ नका, गट नंबर देऊन स्वतः काढा आणि त्यात मंजूर योजनेचं नाव व तारीख आहे का ते वाचा. डिजिटल सातबारा 15 रुपयांत मिळतो. पीकपाहणीत ऊस दिसला तर तो ऊसच आहे. एनएचा पैसा सरकारी चलनानेच जातो, एजंटच्या खिशातून नाही. विकणाऱ्याच्या बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदलेलं आहे का ते बघा.

आणि हो, योजना रद्द झाल्यावर त्याच एजंटने शेजारच्या गटात नवा फलक लावलाय: ‘नव्या डीपीत आर झोन (म्हणजे निवासी), आजच बुक करा’. भाव 5,25,000 गुंठा.