सावलीतल्या वाफ्यासाठी डेडनेटल: ठिपक्यांची, पांढरी की पिवळी?

इंग्लंडात घराच्या उत्तरेकडे कुंपणालगत एक अरुंद वाफा हमखास असतो. ऊन तिथे फिरकत नाही, गवतही धड येत नाही. आमच्या अशाच वाफ्यात मी डेडनेटल या सावलीत वाढणाऱ्या रोपाच्या दोन जाती लावल्या आणि तिसरी दोन वर्षं उपटत बसले. त्यामुळे 'कुठली घेऊ?' या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे.

आधी ओळख. पानं चावऱ्या नेटलसारखीच (हात लागताच आग होणारं रानरोप) दातेरी, पण दंश करणारी लव अजिबात नसते. खोड चौकोनी आहे म्हणून मात्र बिनधास्त हात घालू नका, चावऱ्या नेटलचंही खोड चौकोनीच असतं. फूल पाहा. वरची पाकळी डोक्यावरून पदर घेतल्यासारखी पुढे वाकलेली, खालची ओठासारखी. मधमाशी त्या ओठावर उतरून आत शिरली की वरचे पुंकेसर तिच्या पाठीला परागकण लावतात. हे कुळ तुळशीचं. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर फुलणारी द्रोणपुष्पी हिचीच भाऊबंद.

वाफा दिसायला सुंदर हवा असेल तर ठिपक्यांची घ्या, म्हणजे लॅमियम मॅक्युलेटम. 'व्हाइट नॅन्सी' या वाणाचं पान जवळजवळ पूर्ण चंदेरी असतं, कडेला हिरवी किनार आणि फुलं पांढरी. अंधाऱ्या कोपऱ्यात ती संध्याकाळीही उठून दिसते. 'बीकन सिल्व्हर'ची फुलं गुलाबी. दोन्ही 15 ते 20 सेंटिमीटरच्या वर जात नाहीत आणि नको तिथे पसरलेला फुटवा हातानेच निघतो. मातीला ओल कमी पडली की भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड आणणारी बुरशी, येते, 'बीकन सिल्व्हर'वर जरा जास्तच.

पांढरी, लॅमियम आल्बम, ही रस्त्याकडेची रानटी. गुडघ्यापर्यंत वाढते, जमिनीखालून पसरते, आणि नीटनेटक्या वाफ्यात विस्कटलेली दिसते. तरी माझा जीव हिच्यावर जास्त आहे. मार्चमध्ये थंडीतून नुकत्या उठलेल्या भुंग्यांच्या राण्या भुकेल्या असतात, तेव्हा हिची फुलं उघडलेली असतात, आणि पुढे नोव्हेंबरपर्यंत ती येतच राहतात. फूल अलगद ओढून बुडाशी चोखलं की जिभेवर गोड थेंब येतो. कोवळ्या शेंड्यांची पालकासारखी भाजी होते. मी लसणाची फोडणी देते, चव जराशी मातकट लागते. रस्त्याकडेची खुडू नका, तिथे कुत्री फिरतात आणि तणनाशकंही मारलेली असतात.

पिवळ्या फुलांची, पानावर चांदीचे पट्टे असलेली यलो आर्केंजल मात्र घेऊच नका. शेजाऱ्यांनी हौसेने दिलेलं एक रोप मी लावलं होतं. तिचे लांबलचक धुमारे जमिनीवरून धावतात आणि प्रत्येक पेराला मुळं फुटतात. बागेचा कचरा म्हणून रानात टाकलेल्या काड्यांतून ती जंगलभर पसरते आणि तिथली नाजूक रानफुलं झाकून टाकते. म्हणूनच 2010 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही चंदेरी पट्ट्यांची जात रानात लावणं किंवा तिथे वाढीला लावणं गुन्हा आहे. जुन्या जंगलांत आढळणारी साध्या हिरव्या पानांची, इथली मूळची आर्केंजल वेगळी, तिला हात लावू नका.

लागवडीत अवघड काही नाही. वसंतात किंवा शरदात, साधारण 30 ते 45 सेंटिमीटर अंतरावर, पानांचं कुजकं खत घालून रोपं लावा. पहिला उन्हाळा पाणी चुकवू नका. पहिला बहर सरला की कात्रीने बुडापर्यंत छाटा. पंधरवड्यात नवी स्वच्छ पानं येतात, भुरीही मागे हटते. जास्त रोपं हवी असतील तर मुळं धरलेलं पेर तोडून दुसरीकडे खोचा.

पुण्या-नाशिकला पाठवू का, असं मला नातेवाइकांसाठी विचारलं जातं. नको. तिकडचा एप्रिल-मे हिला सोसणार नाही, आणि परवान्याशिवाय रोप विमानातून नेताही येत नाही.