विमानातलं बेबी मील: १० महिने, ९ उड्डाणं

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे बाळाला खांद्यावर घेऊन एका हाताने हे वाचणाऱ्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. बेबी मील जरूर मागवा, मोठ्या कंपन्यांत त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण त्याच्या भरवशावर विमानात चढू नका. दहापैकी चार गुण, आणि त्यातले दोन त्या काचेच्या बरण्यांचे.

आमची चिऊ जन्मली नाशकात, आजोळी. सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागला तेव्हा उष्टावण केलं आणि तीनेक आठवड्यांत तिला घेऊन मुंबईहून थेट लंडन गाठलं. पहिल्या वाढदिवसाला परत भारतात, जाता-येता दोन्ही वेळा आखातात विमान बदलून. मध्ये आत्याकडे मुंबई-नागपूर-मुंबई. आणि आता गेल्या महिन्यात लंडनहून लिस्बन, स्वस्तातल्या विमानाने. म्हणजे सात महिन्यांच्या बोळक्या तोंडापासून सतरा महिन्यांच्या दातांपर्यंत सगळं या अनुभवात आलं. बायकोला विमानात मळमळतं, त्यामुळे भरवण्याचं खातं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे.

मागवण्याचं आधी. विमान कंपन्यांच्या भाषेत याचा कोड बीबीएमएल. दोन वर्षांखालच्या बाळासाठी हे असतं. सीएचएमएल म्हणजे चाइल्ड मील, ते दोन वर्षांपुढच्या, स्वतःची सीट असलेल्या मुलांचं. फोनवर कोड उच्चारूनच सांगा. माझ्या एका मित्राने नुसतं 'बाळाचं जेवण' सांगितलं, तर आठ महिन्यांच्या लेकीसमोर चिप्स आणि तळलेल्या चिकनचे तुकडे आले. बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत सांगावं लागतं, काही ठिकाणी ४८. मांडीवरच्या बाळाला सीट नसते, त्यामुळे वेबसाइटवर पुष्कळदा बाळाच्या नावापुढे जेवणाचा पर्यायच दिसत नाही, फोन करावाच लागतो. आणि बाळ मुळात बुकिंगमध्ये जोडलेलं हवं. आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळालाही तिकीट लागतं, साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के.

एवढं सगळं नीट करूनही दुसऱ्या प्रवासात जेवण आलं नाही. झालं असं की निघण्याच्या दोन आठवडे आधी कंपनीने वेळ बदलली, तिकीट नव्याने निघालं, आणि त्या भानगडीत आमची मागणी गळून पडली. सीट तशीच राहिली, बॅसिनेट (सीटसमोरच्या भिंतीला लावतात तो बाळाचा पाळणा) तसंच राहिलं, फक्त बीबीएमएल गायब. क्रूमधल्या बाई यादीवर बोट फिरवत म्हणाल्या, "नाही हो, इथे काहीच दिसत नाही." त्यांचा काय दोष. तेव्हापासून वेळ बदलल्याचा ईमेल आला की मी पहिला फोन जेवणासाठी करतो, आणि निघायच्या दोन दिवस आधी आणखी एक. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं असेल तर विमान जिचं तिलाच विचारा, तिकीटवाल्यांकडे दिलेली मागणी पलीकडे पोचेलच असं नाही.

आता पहिलं उड्डाण, कारण मी सगळं शिकलो ते त्या दहा तासांत.

उड्डाणानंतर तासाभराने ट्रे आला. चिऊ नुकतीच बॅसिनेटमध्ये डोळा लागून पडलेली. ट्रेवर दोन छोट्या काचेच्या बरण्या: एक गाजर-बटाट्याची, एक सफरचंदाची. शिवाय रस्कचं पाकीट, फळांच्या रसाचं खोकं आणि प्लास्टिकचा चमचा. रस मी लगेच परत केला, वर्षाखालच्या बाळाला रस देऊ नका असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. रस्कमध्ये साखर, तो बायकोने चहात बुडवून खाल्ला. बरण्या मात्र ठेवून घेतल्या. हे लक्षात ठेवा: बाळ झोपलेलं असेल तर ट्रे परत जाऊ द्या, पण बंद बरण्या सोडू नका.

रात्री तीनच्या सुमारास चिऊ उठली. गाजराची बरणी उघडून एक चमचा तोंडात घातला. तिने तो जिभेने हळूच बाहेर ढकलला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. थंडगार होतं ना. क्रूला गरम करून मागितलं, तर कळलं की मायक्रोवेव्ह नाही. बहुतेक विमानांत नसतोच, तिथल्या भट्ट्या ट्रेमधलं जेवण तापवायच्या. त्यांनी मगात गरम पाणी आणून दिलं आणि बरणी त्यात उभी करून ठेवली. दहा मिनिटांनी कडा कोमट, मधे थंड. ढवळून पुन्हा दिलं. तीन चमचे गेले, चौथा माझ्या शर्टावर आला.

मग मी माझं हुकमाचं पान काढलं: सासूबाईंनी दिलेलं नागलीचं सत्त्व. नागली भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेली. क्रूकडून गरम पाणी घेतलं, वाटीत सत्त्व कालवलं, आणि झाल्या गुठळ्या. वर पिठूळ पाणी, खाली गाळ, चवीला कच्चट. घरी हेच सत्त्व मंद आचेवर ढवळलं की पाच मिनिटांत चकचकीत, दाट होतं. इथे का नाही झालं याचा विचार मी नंतर केला. विमानाच्या आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा असतो, म्हणजे पाणी ९२ ते ९४ अंशांनाच उकळतं. नळातून कपात, कपातून वाटीत येईपर्यंत ते आणखी निवतं. त्या पाण्यात कच्चं पीठ शिजत नाही, नुसतं भिजतं. सत्त्व हे शिजवायचं अन्न आहे, कालवायचं नाही, हे सासूबाईंना माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं. लंडनला उतरेपर्यंत चिऊ आईच्या दुधावर राहिली.

त्यानंतरची आमची व्यवस्था दोन भागांत आहे आणि पुढच्या सगळ्या प्रवासांत ती टिकली. पहिल्या चार-पाच तासांसाठी घरी शिजवलेलं. रुंद तोंडाच्या फूड फ्लास्कमध्ये आधी उकळतं पाणी दहा मिनिटं भरून ठेवायचं, ते ओतून लगेच वाफाळतं खिमट भरायचं, गळ्यापर्यंत. अर्धाच भरला तर लवकर निवतं. उघडल्यावर खाल्लं तेवढं खाल्लं, उरलेलं टाकायचं, जीव कितीही हळहळला तरी. आणि त्यापुढच्या तासांसाठी असं कोरडं अन्न, जे आधीच शिजलेलं आहे: भाजलेल्या पोह्यांची पूड आणि ज्वारीच्या लाह्यांचं पीठ. पोहे काय, लाह्या काय, दोन्ही होतानाच शिजलेले असतात, त्यामुळे विमानातल्या गरम पाण्यात दोन मिनिटांत मऊ होतात. एका वेळेपुरती पूड एका छोट्या डबीत, अशा चार डब्या. वर चुरलेलं केळं. नागपंचमीच्या लाह्यांचं पीठ लंडनच्या विमानात कामाला येईल असं आजीला सांगितलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं.

पाण्याचं. विमानाच्या टाकीतलं पाणी बाळाला द्यायला माझं मन होत नाही, म्हणून पिण्याचं पाणी मी बाटलीबंदच मागतो. पावडरच्या दुधासाठी पाणी किमान ७० अंश गरम असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून ते मी सुरक्षा तपासणीच्या आधीच थर्मासमध्ये भरून घेतो. बाळासाठी लागणारं दूध, पाणी, अन्न हातसामानातल्या द्रवपदार्थांच्या १०० मिलीच्या मर्यादेत धरत नाहीत, मुंबईत नाही आणि लंडनमध्येही नाही. मात्र ते बॅगेतून बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि उघडून दाखवायची तयारी ठेवा. मुंबईत तपासणीवरच्या काकांनी फ्लास्क उघडायला लावला, वाकून वास घेतला आणि विचारलं, "खिमट का?" एवढी सुरळीत तपासणी पुन्हा झाली नाही. आणि विमान हलायला लागलं की गरम पाणी मिळत नाही, क्रू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. म्हणून आकाश शांत असतानाच एकदा मागून ठेवायचं.

तिसऱ्यांदा, आखातातून लंडनकडे येताना, बेबी मील वेळेवर आलं, गरमही होतं. पण बरणीवर कोंबडीचं चित्र. आमच्या घरी अंडंही येत नाही. बेबी मीलमध्ये शाकाहारी हा वेगळा प्रकार बऱ्याच कंपन्यांत नसतो, एका प्रवाशाला एकच खास जेवण. फोनवर "टीप लिहून ठेवतो" म्हणाले होते, ती टीप कुठे गेली देव जाणे. बरणी न उघडता परत केली. फळाची होती ती चिऊने मिटक्या मारत संपवली, पेअर होतं. तेव्हा शाकाहारी असाल तर लेबल वाचल्याशिवाय झाकण फिरवू नका. अंधारात फोनचा उजेड लावून वाचा.

एक युक्ती कुणी सांगितली नव्हती, आपसूक सापडली. मोठ्यांसाठी एव्हीएमएल, म्हणजे आशियाई शाकाहारी जेवण, आधी सांगून ठेवलं की ते इतरांच्या बरंच आधी येतं. आम्ही एकानेच ते सांगायचं. त्याचं जेवण होईपर्यंत दुसरा बाळाला धरतो, मग बाकीच्यांच्या जेवणाची गाडी येते तेव्हा अदलाबदल. दोन भरलेले ट्रे एकाच वेळी समोर आणि मांडीवरून त्यांवर हात मारणारं बाळ, ही वेळ वैऱ्यावर येऊ नये.

बॅसिनेटच्या जागेबद्दल सगळे भरभरून बोलतात. जागा छानच आहे, बाळ साधारण १० किलोच्या आत असेपर्यंत. मर्यादा कंपनीगणिक वेगळी, विचारून घ्या. पण भरवणाऱ्याच्या नजरेतून तिचे तोटे आहेत. समोर भिंत, म्हणजे समोरच्या सीटखाली पिशवी ठेवायची सोयच नाही, उडताना आणि उतरताना सगळं वरच्या कप्प्यात जातं. नेमकं तेव्हाच बाळाला काहीतरी गिळायला हवं असतं, कानांसाठी. म्हणून एक बाटली, एक चमचा आणि लाळेरं मी जॅकेटच्या खिशातच ठेवतो. उतरणं जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं, तेव्हापासून चिऊला थोडं थोडं पाजत राहायचं. शेवटच्या पाच मिनिटांसाठी बाटली राखून ठेवली तर कान आधीच दुखलेले असतात.

आणि स्ट्रॉचा सिपर! जमिनीवर भरलेला, घट्ट बंद केलेला सिपर वर गेल्यावर उघडला की आतली फुगलेली हवा पाणी स्ट्रॉतून कारंज्यासारखं बाहेर फेकते. आमच्या शेजारच्या आजोबांच्या चष्म्यावर गेलं. ते हसले म्हणून निभावलं. विमान वर पोचलं की आधी झाकण फिरवून हवा सोडा, मगच बाळाच्या हातात द्या. पिळून खायच्या फळांच्या पाकिटांचंही तेच.

नागपूरच्या आणि लिस्बनच्या विमानांत बेबी मील हा प्रकारच नव्हता. दीड ते पावणेतीन तासांचा मामला, एक केळं आणि मुरमुरे पुरले.

इंग्लंडला येणाऱ्यांना एक आगाऊ सूचना: भारतातून येताना खासगी सामानातून दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, आणि साजूक तूप त्यातच मोडतं. बाळाच्या खिमटात घालायला म्हणून दिलेली बरणीसुद्धा. बाळाच्या दुधाची पावडर आणि शिशुआहार कंपनीच्या सीलबंद पाकिटात, फ्रिज न लागणारा, माणशी २ किलोपर्यंत चालतो. सासूबाईंना हे पटवायला मला नागलीच्या प्रयोगापेक्षा जास्त वेळ लागला.

दिवाळीत पुन्हा नाशिकला जायचंय. जाताना चिऊ दोन वर्षांना आठवडाभर कमी असेल आणि परतताना दोन पूर्ण, म्हणजे जाताना मांडीवर आणि येताना पूर्ण तिकीट, स्वतःची सीट. जाण्यासाठी बीबीएमएल, येण्यासाठी सीएचएमएल असं दोन्ही सांगून झालंय. पहिल्या उड्डाणातल्या त्या दोन बरण्या स्वयंपाकघरात आहेत, एकीत मोहरी, एकीत ओवा. झाकणं अजून घट्ट बसतात.