आबाची कहाणी: वहीत लिहायची का मोबाईलवर सांगायची?

मी तर सरळ रेकॉर्डिंगच म्हणीन, पण वहीचा फायदा आधी सांगतो. लिहिताना माणूस विचार करते, क्रम लागते, आणि सातबारा, शाळेची टीसी समोर ठेवून सालं तपासता येतात (टीसीवरची जन्मतारीख मात्र जपून घ्या, जुन्या लोकांची बरेचदा मास्तरनं अंदाजानंच 1 जून नाहीतर 1 जुलै टाकलेली असते). शिक्षण कमी म्हणून अडत नाही, लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायवाचायला शिकल्या तरी 1934 पासून त्यांची स्मृतिचित्रे (त्यांचं आत्मचरित्र) छापून आलीच ना. पण आपल्या इकडं वही हातात आली की माणूस एकदम सभ्य होते, सावकार, कर्ज, भावकीचं भांडण सगळं गाळून टाकते.

मोबाईल समोर ठेवला की बुढ्याले साल आठवत नाही, पण "72 च्या दुष्काळात गिट्टी फोडाले गेलतो", "मोवाड वाहून गेलं त्याच्या पुढच्या वर्षी पोरगी झाली" असं येते, नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा पूर 1991 चा म्हणजे पोरगी 1992 ची, झाला हिशोब! वऱ्हाडी बोली जशीच्या तशी राहते ते वेगळंच. आणि आजीले वही दिली तर "माह्यात काय हाय लिहासारखं" म्हणते, तिलेच निंदण, कापूस वेचणी, जात्यावरच्या ओव्या विचारा, तासभर थांबत नाही. ऐकून वहीत उतरवायचं काम नातवंडांनी नंतर करावं.

फक्त ते रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर सोडून देऊ नका, पेनड्राईव्हवर टाका आणि फाईलले नाव, गाव, तारीख द्या.