भोरमधलं बिनपाटीचं सायकलचं दुकान

पुढच्या महिन्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड आहे, मुदत साडेतेरा तास. त्याच्या सरावासाठी रविवारी पहाटे पाचला पुण्याहून एकटीच निघाले. कापूरहोळ, भोर, मांढरदेवीचा घाट, वाई आणि हायवेने परत, साधारण पावणेदोनशे किलोमीटर. कापूरहोळला वळलं की रस्ता सारखा वरखाली होत राहतो. शेतांत भाताची कापणी चालली होती, ओल्या पेंढ्याचा वास भरून राहिला होता. एका उतारावर मागून ‘टिंग’ झालं आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. मागच्या चाकाची एक तार, म्हणजे स्पोक, तुटली होती.

भोरमध्ये विचारत विचारत दुकान सापडलं. बाहेर टांगलेले टायर हीच खूण. काकांनी सायकल उलटी केली. "ताई, या मापाची तार नाही माझ्याकडं." चेनस्टेला, म्हणजे चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, चिकटपट्टीने लावलेल्या दोन तारा मी काढून दिल्या. तुटलेली डावीकडची होती हे नशीब. गिअरच्या बाजूची असती तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, उतरवावी लागली असती, आणि तो पाना दोघांकडेही नव्हता.

नवी तार पाच मिनिटांत बसली. खरं काम पुढे, आऊट काढायचं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायचं. ना चाक लावायचा स्टँड, ना मापायचं गेज. ब्रेकच्या रबरावर अंगठा टेकवून काकांनी नख रिंगजवळ धरलं आणि चाक हळू फिरवलं. रिंग नखाला लागली की थांबायचं, निपलला (तारेच्या टोकाच्या नटाला) पाव फेरा, पुन्हा फिरवायचं. मधून मधून दोन-दोन तारा चिमटीत दाबून ताण बघायचा. वीस मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत. शेवटी नख आणि रिंग यांच्यात सगळीकडे सारखी फट, कागद जाईल एवढी.

हेच चाक गेल्या महिन्यात शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये स्टँडवर लावून सरळ केलं होतं. तारांचा ताण कुणी बघितलाच नाही, आठवड्यात पुन्हा डगमगायला लागलं. मला त्याचा अजून राग आहे.

काकांनी चाळीस रुपये घेतले. जास्त देऊ केले, घेतले नाहीत.

मांढरदेवीहून वाईला उतरताना वळणावळणावर ब्रेक दाबले, कुठे घासलं नाही. वाईत जेवण, खंबाटकीचा बोगदा, अंधार पडता पडता घर. आंघोळीआधी चाक फिरवून पाहिलं, फट तेवढीच होती.

दुकान रविवारी साडेआठला उघडतं. आपल्या मापाच्या तारा आणि कॅसेटचा पाना बरोबर न्या, बाकीचं काका बघतात.