साखर एकदम बंद, हळूहळू कमी, गूळ की गोळी? आमच्या घरात चारही करून झालंय

परवा बार्शीहून वन्संचा फोन आला, त्यांची तीन महिन्यांची शुगर (HbA1c) 6.1 आलीय आणि त्या पार घाबरून गेल्यात, "वहिनी, साखर एकदम बंद करू का हळूहळू, का गुळावर जाऊ?" 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिस नाही पण उंबऱ्यावर, म्हणजे अजून हातात आहे सगळं. फोनवर अर्धा तास बोलले तरी राहिलंच बरंच, म्हणून इथं सगळं लिहून काढते, ज्यांना ठरवायचंय त्यांना उपयोग होईल. आमच्या घरात ह्यांनी एकदम बंद केली, मी हळूहळू कमी केली, आई (सासूबाई) गुळावर गेल्या आणि भावजींना (दिरांना) डायबेटिस आहे म्हणून ते चहात साखरेऐवजी टाकायच्या गोड गोळीवर, त्यामुळं चारही प्रकार एकाच ओट्यावर बघितलेत.

आधी एक हिशोब करा, तो केल्याशिवाय काही ठरवूच नका. किराणाच्या यादीत महिन्याला किती किलो साखर लिहिता ते बघा. आमच्यात पाच माणसांत 7 किलो लागायची, म्हणजे माणशी दिवसाला 46-47 ग्रॅम, आणि हे फक्त घरातलं, टपरीवरचा चहा, बिस्किटं, बाटल्या वेगळ्या. डब्ल्यूएचओ म्हणतं की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर, मध, गूळ, ज्यूस सगळं धरून दिवसाला 50 ग्रॅमच्या आत राहावं आणि जमलं तर 25, म्हणजे सहा लहान चमचे. आपला जिल्हा कारखान्यांचा, माझ्या माहेरी सभासद म्हणून दिवाळीला सवलतीतली साखर पोत्यानं यायची आणि पोतं घरात असलं की चमचे कोण मोजतंय, ती सवय मी इकडं सोलापुरात पण घेऊन आले.

आता ह्यांचं. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला, तिथं दिवसाला पाच-सहा हाफ चहा होतात आणि टपरीवर पातेल्यातच साखर पडलेली असते, त्यामुळं 1 जानेवारीपासून साखर बंद म्हणजे ह्यांनी चहाच बंद केला. दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की संध्याकाळी लाईट बंद करून झोपले, मुलावर ओरडणं वेगळं. सगळ्यांना वाटलं साखर सोडली म्हणून होतंय, पण डॉक्टर म्हणाले हे चहाचं आहे, कॅफिन एकदम तोडलं की पहिल्या-दुसऱ्या दिवशी असंच डोकं दुखतं आणि आठवडाभर त्रास राहू शकतो. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी सोडल्या आणि दोष सगळा साखरेला लागला. त्यातून सावरतायत तोवर गड्ड्याची जत्रा, संक्रांत, घरात शेंगापोळी, एक खाल्ली आणि मग "मोडलंच आता" म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं. एकदम बंद करण्यातला खरा धोका मला हा वाटतो, एक दिवस मोडलं की माणूस आख्खा महिना सोडून देतो.

पण एकदम बंद करणं सगळ्याच बाबतीत चुकीचं नाही. दुसऱ्या खेपेला ह्यांनी फक्त बाटलीतली थंड पेयं आणि बिस्किटं सोडली, ती मात्र एका दिवसात सोडली आणि आजपर्यंत परत आली नाहीत. 250 मिलीच्या कोलाच्या बाटलीत 26-27 ग्रॅम साखर असते, म्हणजे एका बाटलीत दिवसाचा 25 चा हिशोब संपला. अशी वस्तू थोडी थोडी कमी करायचीच कशाला, विकतच आणायची नाही, घरात नसली की मन पण धावत नाही तिकडं.

माझं हळूहळूचं. मी दिवसाला तीन चहा घेते, प्रत्येकात दोन चमचे, आणि मला वाटायचं दोन चमचे म्हणजे काय फार नाही. एके दिवशी मुलाच्या प्रोजेक्टसाठी आणलेला छोटा वजनकाटा ओट्यावर होता, त्यावर सहज माझा चमचा ठेवला, शिगोशीग भरलेला 7 ग्रॅम निघाला! सपाट केला की साडेचारच. म्हणजे माझे दोन चमचे 14 ग्रॅम आणि तीन चहाचे 42. त्या दिवशी पहिलं काम केलं ते साखरेच्या डब्यातला तो खोलगट चमचा काढून मसाल्याच्या डब्यातला बारका टाकला. मग दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी, पहिले दोन-तीन दिवस चहा पाणचट लागायचा, चौथ्या दिवशी लक्षात पण यायचं नाही. अडीच महिने लागले पण आता अर्धा बारका चमचा पुरतो, आणि बाहेरचा चहा प्यायला की पाक प्यायल्यासारखा वाटतो. जीभ बदलते हो, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. वेळ जातो हीच काय ती ह्या पद्धतीतली अडचण, आणि रोज मोजायचा कंटाळा.

गुळाबद्दल जरा स्पष्ट बोलते कारण वन्संचा सगळा ओढा तिकडंच आहे. आईंनी चहात गूळ सुरू केला, पहिले दोन चहा फाटले, मग खाली उतरवून शेवटी घालायला लागल्या. चव छान येते, खोटं कशाला बोलू. पण गोडी कमी वाटते म्हणून खडा मोठा पडतो, आईंचा नेहमीचा खडा मी वजन केला तर 12 ग्रॅम. गुळातही मुख्य साखरच असते, लोह वगैरे थोडं असतं पण चहातल्या खड्यातून ते कितीसं मिळणार. त्यामुळं आवडतो म्हणून गूळ खा, पण साखर कमी केली असं धरू नका, रक्ताला ते कळत नाही. मधाचं पण तेच.

गोळीचं थोडक्यात. भावजींना गोड चहा हवाच, त्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिलीय, त्यांच्यासाठी ती बरोबर आहे. पण वजन आटोक्यात ठेवायला म्हणून हे गोडवे वापरू नका असं डब्ल्यूएचओनं 2023 मध्ये सांगितलंय, स्टीव्हिया पण त्यातच आलं, आणि ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना तो सल्ला लागू नाही. वन्संसारख्यांना मी गोळी सुचवणार नाही, कारण जीभ तेवढीच गोड मागत राहते, जे मला अडीच महिन्यांत मिळालं ते गोळीनं मिळत नाही. आणि मुलांना तर नकोच.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे कारण सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय, 42-43 ला घशाला गोडच आठवतं. रसवंतीचा रस नैसर्गिक म्हणून लोक दोन-दोन ग्लास घेतात, पण एका मोठ्या ग्लासात 30 ग्रॅमच्या आसपास साखर जाते, कोलापेक्षा कमी नाही. रस कधीतरी घ्या, मला पण आवडतो, पण रोजची तहान भागवायला जिरं-मीठ घातलेलं ताक, नाहीतर मिठाचं लिंबूपाणी. डाळिंब आपल्याकडचं, सोलून दाणे खा, ज्यूस करून नको, चावून खाल्लं की एकातच पोट भरतं, ग्लासात तीन जातात. आणि जुलाब किंवा उन्हाचा त्रास झाला तर मेडिकलमधून डब्ल्यूएचओच्या प्रमाणातलं ओआरएस आणा, त्यात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं आणि ते मुद्दाम असतं, त्यानं मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढलं जातं, तिथं साखर नको म्हणून अडून बसू नका. ह्या प्रमाणात नसलेल्या गोड पेयांवर ओआरएस हे नाव लिहायला 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) बंदी केलीय, तरी पाकीट वाचूनच घ्या.

तर वन्सं, मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: बाटल्या आणि बिस्किटं आजपासून बंद, चहा चालू ठेवून त्यातली साखर पंधरा-पंधरा दिवसांनी कमी, गूळ फक्त पोळीपुरता, आणि सणाला पुरणपोळी नाहीतर हुग्गी (गव्हाची खीर) मन भरून खायची, मन खाऊ न देता. तुमच्या यजमानांचं मात्र वेगळं, ते डायबेटिसच्या औषधाच्या गोळ्या घेतात ना, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात एकदम बदल करायचा नाही, गोळी तेवढीच राहिली आणि खाणं कमी झालं तर शुगर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते, अशा वेळी लगेच साखरपाणीच द्यायचं असतं, म्हणून घरात साखर संपू पण देऊ नका.

आमच्या यादीत ह्या महिन्याला 3 किलो लिहिलीय. तुम्ही उद्या सकाळी चहाला आधण ठेवायच्या आधी तुमचा चमचा काट्यावर ठेवा आणि किती भरला ते मला फोन करून सांगा.